विमानाच्या टर्बाइनचं तेल गाडीच्या इंजिनात: चालेल का?

वेगवेडा

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय.

माझी गाडी दोन लिटरची टर्बो पेट्रोल. बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवलेला, ईसीयू (इंजिनाचा संगणक) रीमॅप केलेला, महिन्यातून एखाद्या रविवारी ट्रॅकवर नेतो. तिथे सलग सात-आठ फेऱ्या झाल्या की तेलाचं तापमान १३० अंशांच्या पुढे जातं आणि माझा जीव वर-खाली होतो. सध्या फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-४० (शेवटचा आकडा गरम तेलाच्या घट्टपणाची ग्रेड) वापरतो, बदलतोही वेळेआधी.

तर झालं असं की एका मित्राच्या ओळखीतून जेट इंजिनाच्या टर्बाइन ऑइलचे सहा सीलबंद डबे हाती लागले. विमानासाठीची मुदत संपत आलेली, म्हणून ते त्यांच्या कामाचे उरले नव्हते. माहितीपत्रक वाचलं आणि डोळेच पांढरे झाले. फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ पेट घेते) २७० अंश, पोअर पॉइंट (ज्याच्या खाली तेल वाहत नाही) उणे ५९, बेस ऑइल शंभर टक्के एस्टर, म्हणजे सिंथेटिक तेलाचा एक प्रकार. आपल्या रेसिंग तेलाच्या डब्यावर नुसतं 'एस्टर' लिहिलं असलं तरी आपण खूश होतो, आणि हे तर अख्खं एस्टरच!

माझा हिशोब साधा आहे. जे तेल दहा-बारा किलोमीटर उंचीवरच्या थंडीत आणि पेटत्या टर्बाइनशेजारी हजारो तास टिकतं, त्याला माझं चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे किस झाड की पत्ती. टर्बोसुद्धा शेवटी छोटी टर्बाइनच की! मग का घालू नये? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नट_बोल्ट

घालू नकोस. कारण विचारशील तर आत्ता एवढंच सांगतो की डब्यावर एपीआयची (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, गाडीच्या तेलांसाठी असते ती) श्रेणी शोध. सापडली की कळव.

तेलिया_राजा

आले लगेच भीती घालणारे. मी गेली आठ वर्षं प्रत्येक ऑइल बदलीला अर्धा लिटर टर्बाइन ऑइल मिसळतो. इंजिन लोण्यासारखं चालतं. मध्यंतरी व्हॉल्व्ह कव्हर उघडलं तर आत नव्यासारखी चकाकी, पिवळट थर औषधालाही नाही. पुस्तकी पंडितांनी आधी स्वतःचं इंजिन उघडून दाखवावं, मग बोलावं.

@वेगवेडा, बिनधास्त घाल. सगळं एकदम नको, एक डबा घालून बघ.

शंकासुर

एक बाळबोध शंका. 'विमानाचं तेल' हे एकच असतं का? माझ्या काकांच्या कारखान्यात 'टर्बाइन ऑइल' नावाचे पिंप असायचे आणि तिथे विमान तर सोडा, हेलिकॉप्टरही नव्हतं.

हँगरकाका

शंकासुर, शंका अजिबात बाळबोध नाही. अर्धा गोंधळ या नावानेच होतो.

मी विमान देखभालीत ३१ वर्षं काढून निवृत्त झालो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या काकांकडचं तेल वाफेच्या टर्बाइनचं किंवा पाण्याच्या टर्बाइनचं. ते बहुधा खनिज तेल, गंज आणि ऑक्सिडेशन रोखणारी थोडी द्रव्यं घातलेलं, व्हीजी ३२ किंवा ४६ घट्टपणाचं. त्याचा जेटशी काही संबंध नाही. दुसरं आहे ते लहान पिस्टन विमानांचं तेल. ते चांगलं दाट, उन्हाळी ग्रेड तर गाडीच्या ५० च्या बरोबरीचं, आणि त्यात राख न सोडणारं डिस्पर्संट (मळ तेलात तरंगत ठेवणारं द्रव्य) असतं. वेगवेडाकडे आहे ते तिसरं, गॅस टर्बाइनचं, अमेरिकी लष्कराच्या २३६९९ या प्रमाणाखाली येणारं. आमच्याकडे त्याला टाइप २ म्हणायचे. त्याआधीचं टाइप १, म्हणजे ७८०८ प्रमाणाचं, याहूनही पातळ.

आता गंमत ऐका. नवीन मुलगा कामाला लागला की आम्ही त्याला हे तेल बोटावर घेऊन बघायला लावायचो नाही (का ते पुढे सांगतो), पण काचेच्या बरणीत हलवून दाखवायचो. प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच: "काका, एवढं पातळ?" दोन-अडीचशे माणसं उचलणाऱ्या इंजिनाचं तेल मधासारखं दाट असेल अशी सगळ्यांची समजूत. प्रत्यक्षात ते शिवणयंत्राच्या तेलाचं थोरलं भावंड.

पातळ का, तर जेट इंजिनाचा मुख्य शाफ्ट बॉल आणि रोलर बेअरिंगवर फिरतो. गोळी कड्यावरून घरंगळते. तिला तेलाची जाड गादी लागत नाही, लागतो तो नेमका फवारा, आणि त्या फवाऱ्याचं मुख्य काम उष्णता वाहून नेणं. शिवाय रात्रभर उणे ४० मध्ये उभं राहिलेलं इंजिन सकाळी सुरू व्हायला हवं. दाट तेल असेल तर पंपाच्या तोंडाशीच अडकेल.

तुमच्या गाडीचा क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) बॉल बेअरिंगवर नाही, शेल बेअरिंगवर, म्हणजे गोळ्या नसलेल्या गुळगुळीत वाट्यांवर बसतो. तिथे धातू आणि धातूच्या मध्ये फक्त तेलाची फिल्म. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये भाराच्या क्षणी ती फिल्म एखाद्या मायक्रॉनवर येते. आता सांगा, तिथे पातळ तेल घालायचं?

नट_बोल्ट

काका, दंडवत. मला जे चार ओळींत जमलं नसतं ते तुम्ही बरणी हलवून दाखवलंत.

वेगवेडा

काका, मनापासून आभार. पण एक मुद्दा. हल्ली नव्या गाड्यांमध्ये ०डब्ल्यू-२०, अगदी ०डब्ल्यू-१६ येतंच की. तीही शेल बेअरिंगच ना? म्हणजे पातळ तेल चालतं. आणि एस्टरची फिल्म साध्या तेलापेक्षा मजबूत असते असं सगळीकडे वाचलंय. धातूला चिकटून राहते म्हणे.

स्निग्धा

वंगणशास्त्र हा माझा रोजचा धंदा, म्हणून राहवलं नाही. (आयडी बघून कुणी विनोद करू नये, सगळे करून झालेत.)

वेगवेडा, आकड्यांत बोलू. टाइप २ तेलाचा घट्टपणा १०० अंशांना साधारण ५.१ सेंटीस्टोक्स (घट्टपणाचं एकक). एसएईच्या, म्हणजे तेलाच्या ग्रेड ठरवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात ४० ग्रेड १२.५ पासून सुरू होते, ३० ग्रेड ९.३ पासून, २० ग्रेड ६.९ पासून. तुमचं ५.१ या तिन्हींच्या खाली. २०१५ साली तक्त्यात ८ आणि १२ या ग्रेड आल्या, तिथे कुठेतरी ते बसेल. म्हणजे ज्या ०डब्ल्यू-१६ चं तुम्ही उदाहरण देताय त्यापेक्षाही पातळ. आणि ती इंजिनं त्या तेलासाठीच घडवलेली असतात. बेअरिंगची रुंदी, फटी, पंपाची क्षमता, सगळं त्या हिशोबाने. बूस्ट वाढवलेल्या इंजिनात बेअरिंगवरचा भार मूळ आराखड्याहून जास्त. तिथे उलट दिशेने जायला हवं.

बेअरिंगच्या दृष्टीने खरा आकडा १०० अंशांचा नाही, १५० अंशांचा. तोही तेल जोरात कातरलं जात असतानाचा. त्याला एचटीएचएस म्हणतात. ५डब्ल्यू-४० ला तो किमान ३.५ लागतो. टर्बाइन तेलाचा हा आकडा माहितीपत्रकात नसतो, कारण जेटवाल्यांना तो कुणी विचारत नाही. पण काढता येतो. या तेलात घट्टपणा वाढवणारं पॉलिमर नसतं, त्यामुळे कातरलं गेलं तरी ते आणखी पातळ होत नाही. ४० आणि १०० अंशांच्या आकड्यांवरून १५० चा घट्टपणा काढला आणि घनतेने गुणलं की उत्तर २.१ च्या आसपास येतं. ३.५ हवं तिथे २.१. आणि तुमचं तेल १३० पार करतंच आहे.

एस्टर धातूला चिकटतं हे खरं. त्याचा रेणू ध्रुवीय असतो, त्यामुळे पृष्ठभागावर त्याचा थर बसतो. पण तो थर एखाद-दोन रेणूंच्या जाडीचा. इंजिन सुरू होताना, बेअरिंगमध्ये अजून दाब तयार व्हायचा असतो, तेव्हा त्याचा उपयोग आहे. सहा हजार आरपीएमला कनेक्टिंग रॉड सगळा भार खाली दाबतो तेव्हा शाफ्टला तोलून धरते ती द्रवाची पाचर, आणि तिची जाडी घट्टपणावर ठरते. चिकटेपणा तिथे मदतीला येत नाही.

तेलिया_राजा

ताई, कागदावर सगळं ठीक. माझं इंजिन आठ वर्षं चाललंय त्याचं काय?

स्निग्धा

राजे, तुम्ही अर्धा लिटर घालता, साडेचार-पाच लिटरमध्ये. म्हणजे दहा टक्क्यांच्या आसपास. मूळ तेल १४ सेंटीस्टोक्सचं धरलं तर मिश्रण साडेबाराच्या घरात येतं. ४० ग्रेडच्या अगदी उंबरठ्यावर. एवढ्याने रस्त्यावरचं इंजिन मरत नाही. तुमचा अनुभव खोटा आहे असं मी म्हणतच नाही. व्हॉल्व्ह कव्हरखालची चकाकीसुद्धा खरी, कारण एस्टर उत्तम विद्रावक आहे, जुना वार्निशचा थर ते सोडवतं. पण चकाकी म्हणजे झीज कमी असा अर्थ होत नाही. कॅमची उंची मोजलीत का कधी?

आणि जुन्या, मळलेल्या इंजिनात हीच सफाई अंगाशी येऊ शकते. सुटलेला गाळ संपमधल्या (इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यातल्या) जाळीवर जाऊन बसला की तेलाचा पुरवठाच आवळला जातो.

तेलिया_राजा

कॅम मोजला नाही. मोजीन. पण सफाई होते हे तुम्हीच मान्य केलंत, नोंद घ्यावी.

निवांत_गिअर

घेतली नोंद. चालू द्या, दोन्ही बाजू जोरात आहेत.

स्निग्धा

घट्टपणाबद्दल एवढं लिहिलं, पण खरं सांगायचं तर तो यातला लहान अडथळा आहे. उद्या कुणी १४ सेंटीस्टोक्सचं टर्बाइन तेल बनवलं तरी मी ते गाडीत घालू देणार नाही. कारण त्यात काय नाही ते बघा.

जेट इंजिनात जळणं एका बाजूला आणि तेल दुसऱ्या बाजूला. बेअरिंगचे कप्पे हवेच्या दाबाने सील केलेले असतात. तेलाचा ज्वाळेशी, जळक्या वायूंशी संबंध येत नाही. पिस्टन इंजिनात तेल थेट चुलीच्या तळाशी राहतं. रिंगांच्या फटीतून ब्लो-बाय, म्हणजे निसटलेला जळका वायू, खाली उतरतो, आणि त्याच्याबरोबर काजळी, न जळलेलं पेट्रोल, नायट्रोजनची आम्लं आणि पाण्याची वाफ. पाण्याचा अंदाज हवा असेल तर, एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक सगळं सायलेन्सरमधून जातं, पण थोडं संपमध्ये येतंच.

म्हणून गाडीच्या तेलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची डिटर्जंट असतात, ती आम्ल मारतात. डिस्पर्संट असतं, ते काजळीचे कण एकमेकांना चिकटू देत नाही. आणि कॅम-टॅपेटसारख्या घासणाऱ्या जागांसाठी झेडडीडीपी, म्हणजे जस्त-फॉस्फरसचं संयुग. दाब आणि उष्णता मिळाली की ते धातूवर काचेसारखा त्यागी थर चढवतं. झिजतो तो थर, धातू वाचतो. चांगल्या तेलात ही सगळी मंडळी मिळून दहा-वीस टक्के जागा व्यापतात.

टर्बाइन तेलात यातलं काहीही नाही. अमाइन जातीची ऑक्सिडेशनरोधकं, तांब्याला जपणारं थोडं द्रव्य आणि झीजरोधक म्हणून एक ते तीन टक्के ट्रायक्रेसिल फॉस्फेट. बस्स. धातूयुक्त डिटर्जंट मुद्दाम टाळलेलं असतं, कारण त्याची राख तापलेल्या भागांवर साचते आणि बारीक नोझल बुजवते. टीबीएन, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, गाडीच्या ताज्या तेलात सात ते दहा असते. टर्बाइन तेलात ती जवळपास शून्य. आम्ल आलं की थेट बेअरिंगच्या शिसं-तांब्यावर.

वर हे एस्टर. अल्कोहोल आणि आम्ल जोडून ते बनतं, आणि जोडताना पाणी बाहेर पडतं. पाणी आणि उष्णता परत दिली की प्रक्रिया उलटी फिरू शकते. थंडीत रोज तीन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीचा संप म्हणजे त्यासाठी आयती प्रयोगशाळा. पॉलिओल एस्टर यात बरंच चिवट असतं हे मान्य, पण मदतीला डिटर्जंट नसताना त्याची परीक्षा कशाला घ्या?

शंकासुर

हे म्हणजे शस्त्रक्रियेचे हातमोजे घालून विहीर खणायला उतरण्यासारखं झालं. हातमोजे उत्तमच, पण फावड्यासाठी नाहीत.

हँगरकाका

झकास! स्निग्धाताईंच्या मुद्द्याला माझ्याकडून एक पुस्ती. "हजारो तास टिकतं" हे वाक्य लोक फार वापरतात. जेटमध्ये आम्ही गाडीसारखं ठरावीक तासांनी तेल बदलत नाही हे खरं. पण इंजिन थोडं थोडं तेल पितच असतं, वाफ आणि फवाऱ्याच्या रूपात ब्रीदरमधून ते बाहेर जातं. त्यामुळे आम्ही भर घालत राहतो. म्हणजे टाकीतलं तेल न बदलता आपोआप ताजं होत राहतं. एकच तेल वीस हजार तास फिरतंय असं नसतं हो.

आणि "टर्बोसुद्धा टर्बाइनच" याबद्दल. एक नेहमीचं प्रवासी जेट इंजिन घ्या, सीएफएम५६-७बी. त्याच्या पंख्याचा शाफ्ट शंभर टक्क्यांना ५१७५ आरपीएमने फिरतो, आतला गाभा १४४६० ने. तुझ्या गाडीचा टर्बो दीड-दोन लाखांनी फिरतो. वेगाचंच बोलायचं तर टर्बोने जेटला शिकवावं. आणि तो बहुतेक करून तरंगत्या जर्नल बेअरिंगवर (गोळ्या नसलेल्या, तेलाच्या फिल्मवर चालणाऱ्या), इंजिनाच्याच तेलावर जगतो.

जेटचं खरं दुखणं आहे बंद केल्यानंतरचं. हवा थांबते, तेल थांबतं आणि टर्बाइनची उष्णता मागे बेअरिंगमध्ये झिरपते. तिथलं तेल भाजून कोक, म्हणजे कोळशासारखा कडक थर, होतं. त्यासाठी एस्टर लागतं. टर्बोचंही तेच दुखणं, एवढं साम्य मात्र खरं. त्यावर उपाय म्हणजे ट्रॅकवरून आल्यावर दोन मिनिटं शांत चालवून मग चावी फिरवणं. फुकटचा उपाय, म्हणून कुणी करत नाही.

निवांत_गिअर

अवांतर: टर्बाइन लावलेल्या गाड्याही होऊन गेल्यात बरं का. क्रायस्लरने १९६३ ते १९६६ या काळात पन्नास टर्बाइन गाड्या सामान्य लोकांना वापरायला दिल्या होत्या. आणि १९६७ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत पार्नेली जोन्सची टर्बाइन गाडी सगळ्यांना मागे टाकून चालली होती. शेवटच्या तीन-चार फेऱ्या उरल्या आणि गाडी बसली. टर्बाइन ठणठणीत होती. गिअरबॉक्समधल्या एका बेअरिंगने दगा दिला!

शंकासुर

अवांतर छानच. म्हणजे विमानाचं तंत्र गाडीत आणलं की गाडीचाच एखादा गरीब भाग आधी शरण येतो.

वेगवेडा

मंडळी, एक कबुली द्यायची आहे. धागा काढायच्या आदल्या दिवशीच मी एक डबा घातला होता. सगळा. नेहमीचं तेल तेवढं कमी भरलं. तुम्ही "घाल" म्हणाल अशी आशा होती.

परवा ट्रॅकवर नेली नाही, पण महामार्गावर तासभर चालवली. तेल तापल्यावर सिग्नलला उभा होतो तेव्हा ऑइल प्रेशरचा काटा नेहमीपेक्षा खाली दिसला. आधी वाटलं मनाचे खेळ. मग लॉग काढून बघितला. गरम आयडलला नेहमी १.६ बार असतं, ते १.२ होतं. आवाजात फरक नाही. आता काय करू? ओरडू नका.

नट_बोल्ट

ओरडत नाही. पण डब्यावर एपीआय श्रेणी सापडली का?

वेगवेडा

नाही सापडली.

स्निग्धा

ओरडण्यासारखं काही झालेलं नाही. डबा ९४६ मिलीलिटरचा, म्हणजे तुमच्या पाच लिटरमध्ये १९ टक्के. मिश्रण साडेअकराच्या आसपास आलं असणार. ४० ग्रेड घालून बसलात आणि इंजिनात आहे ३० ग्रेड. प्रेशर उतरणारच, गेज खरं बोलतंय. वर डिटर्जंट, डिस्पर्संट, झेडडीडीपी सगळं एक पंचमांशाने विरळ झालं. त्यात एस्टरचे ध्रुवीय रेणू धातूवरच्या जागेसाठी झेडडीडीपीशी भांडतात. तेल बनवणारे हे भांडण प्रमाणं जुळवून मिटवतात, तुमच्या संपमध्ये ते तसंच चालू आहे.

तासभर महामार्गाने काही बिघडलं असेल असं वाटत नाही. पण ट्रॅकवर नेऊ नका. गरम असतानाच तेल काढा, फिल्टर बदला, ठरलेलं तेल भरा. उरलेलं पाच-सहा टक्के अवशेष कुठेतरी राहतीलच, त्याची काळजी नको.

हँगरकाका

आणि फिल्टर टाकू नकोस, कापून उघड. आतला कागद पसरून उन्हात बघ. चमचमती पूड दिसली तर फोटो टाक. आम्ही चुंबकी प्लगवरचे कण बघून इंजिनाची कुंडली मांडायचो, सवय चांगली आहे.

दुसरं, सील. एस्टर नायट्राइल रबरला फुगवतं. जेटमध्ये सील फ्लुओरोइलास्टोमरची असतात, त्यांना चालतं. गाडीत काही सील या जातीची, काही त्या. पुढचे दोन महिने गॅस्केटच्या कडेला ओल येते का बघत राहा. आणि रंगावर सांडलं असेल तर लगेच पूस, हे तेल रंग सोडवतं. हँगरच्या जमिनीवरचे पट्टे आम्हाला याच कारणाने सारखे रंगवावे लागायचे.

आता बोटाचं. ट्रायक्रेसिल फॉस्फेटचे प्रकार असतात, त्यातले 'ऑर्थो' मज्जातंतूंना घातक. हल्लीच्या तेलात ते फारच कमी ठेवलेले असतात, पण आमच्याकडे हातमोज्यांशिवाय डबा उघडायचा नाही असा दंडक होता आणि तो का, हेही सांगत असू. १९५९ मध्ये मोरोक्कोतल्या मेकनेस भागात जेट इंजिनाचं शिल्लक तेल खाद्यतेलात भेसळ करून विकलं गेलं. सुमारे दहा हजार माणसांना पक्षाघात झाला. हातापायांतली शक्तीच गेली. वेगवेडा, तुझे डबे घरात जिथे असतील तिथून आज काढ, आणि उरलेलं तेल कुठल्याही साध्या बाटलीत ओतून ठेवू नकोस.

शंकासुर

बापरे. हे माहीतच नव्हतं.

तेलिया_राजा

हे मलाही माहीत नव्हतं. मी आठ वर्षं उघड्या हाताने ओततोय.

तरी एक विचारतो, ड्रॅग रेसिंगवाले पातळ तेल घालतात ते मूर्ख का?

स्निग्धा

मूर्ख नाहीत. पातळ तेल ढवळायला ताकद कमी लागते, तेवढीच चाकांकडे जाते. दहा सेकंदांची धाव, तेल बेताचं तापलेलं, आणि इंजिन ते वारंवार उघडतातच. एक धाव जिंकून बेअरिंग बदलायची तयारी असेल तर हा सौदा समजून उमजून केलेला आहे. तुमची गाडी सोमवारी कामावरही जायची असते.

राजे, हातमोजे घ्या मात्र.

वेगवेडा

आणि मग रेसिंग तेलाच्या डब्यांवर एस्टर-एस्टर करतात ती नुसती जाहिरात?

स्निग्धा

नाही, आणि इथे तुमच्या मूळ अंदाजात तथ्य आहे. एस्टर गाडीत आलं ते विमानाच्या वाटेनेच. फ्रान्सच्या मोतुलने १९७१ मध्ये ३००व्ही आणलं. अमेरिकेत १९७२ साली एपीआयच्या कसोटीला उतरलेलं पहिलं सिंथेटिक मोटर ऑइल अ‍ॅमसॉइलचं, आणि ते काढणारे अल् अमाटुझिओ हे जेट लढाऊ विमानांचे स्क्वाड्रन कमांडर. त्यांना तुमच्यासारखाच प्रश्न पडला होता: जेटमध्ये हे चालतं तर गाडीत का नाही? पण त्यांनी डबा उचलून ओतला नाही. एस्टरचा पाया घेतला आणि त्यावर गाडीला लागणारं सगळं बांधलं, घट्टपणा, डिटर्जंट, झीजरोधक. तुम्हाला जे हवंय ते तयार मिळतं. तुमच्या इंजिनाला ट्रॅकसाठी एस्टरयुक्त ५डब्ल्यू-५० किंवा चांगल्या एचटीएचएसचं ४० शोधा. एकच बघा, काही शुद्ध शर्यतीच्या तेलांत डिटर्जंट कमी असतं, ती रोजच्या वापरात लांब ताणू नयेत.

आणि १३० अंशांवर खरा उपाय तेलात नाही. ऑइल कूलर बसवा.

नट_बोल्ट

+१ कूलर. थर्मोस्टॅटवाला घे, नाहीतर थंडीत तेल गरमच होणार नाही आणि पाणी साचत राहील.

हँगरकाका

उलट्या दिशेचीही गोष्ट आहे. गाडीच्या सिंथेटिक तेलाच्या रसायनावर आधारलेलं तेल एकेकाळी पिस्टन विमानांसाठी आणलं गेलं होतं. बेस पूर्ण पॉलीअल्फाओलेफिनचा, म्हणजे एस्टरहून वेगळ्या सिंथेटिक प्रकाराचा. स्वच्छ, टिकाऊ, सगळं छान. पण विमानाच्या पेट्रोलात शिसं असतं, आणि त्या बेसला शिशाचे क्षार सामावून घेता येईनात. राखाडी चिखल साचून रिंगा अडकल्या. शेवटी ते तेल बाजारातून काढून घ्यावं लागलं.

वेगवेडा

अपडेट. तेल काढलं, फिल्टर कापला, कागद पसरून उन्हात बघितला. दोन-तीन बारीक ठिपके सोडले तर स्वच्छ. नेहमीचं ५डब्ल्यू-४० भरलं, गरम आयडलला पुन्हा १.६ बार. कूलरची मापं घेतोय.

आता पाच डबे उरलेत. सीलबंद. त्यांचं काय करू? वापरलेल्या तेलाबरोबर देऊन टाकू?

चिमणे_विमान

नवीन सदस्य, आजवर फक्त वाचत होतो. डबे फेकू नका! मी रेडिओ कंट्रोलची जेट मॉडेल उडवतो. आमच्या तळहाताएवढ्या टर्बाइनला वेगळी तेलाची टाकी नसते. केरोसीनमध्येच पाच टक्क्यांपर्यंत टर्बाइन ऑइल मिसळायचं, त्यातलाच एक फाटा बेअरिंगकडे जातो आणि पुढे जळून जातो. लाखाच्या वर आरपीएम, सिरॅमिक बॉल बेअरिंग. आम्हाला लागतं ते नेमकं हेच, टाइप २. मुदत किती उरली आहे आणि डबे कुठे दबलेत का, एवढं सांगाल का?

वेगवेडा

मुदतीला अजून दोन महिने आहेत, डबे ठणठणीत. व्यनि (खासगी निरोप) करतो.

हँगरकाका

चिमणे_विमान, उडताना व्हिडिओ टाका. आणि भरताना हातमोजे.